साचेवाल्यांचा डावा कान

४ सप्टेंबर, गुरुवार

एप्रिलनंतर ही वही उघडली नाही. माफी मागावीशी वाटते, पण कोणाची, ते ठरत नाही. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं, आणि काही घडत नाही हेच रोज लिहीत बसायची लाज वाटत होती. सकाळी बाबांची औषधं, मग दवाखाना, दहा-बारा माणसांचे कान तपासायचे, घरी यायचं. बाबांशी मोठ्याने बोलून घसा बसला की झोपायचं.

आज मात्र घडलं. साचेवाल्यांनी राजीनामा दिला.

साचेवाले म्हणजे आमच्या मागच्या लॅबमध्ये बसणारे गृहस्थ. मी रुग्णाच्या कानात पेस्ट भरून कानाचा ठसा घेते. तो त्यांच्याकडे जातो आणि त्यावरून ते श्रवणयंत्राचा कानात बसणारा साचा घडवतात. अकरा वर्षं हे चाललंय आणि अकरा वर्षं आमचं पटत नाही. ठसा पसंत पडला नाही की परत येतो, सोबत चिठ्ठी. ‘हा कान आहे की दगडातली कपार?’ ‘ठसा घेताना जांभई कोण देत होतं, रुग्ण की आपण?’ मीही उलट लिहिते. गेल्या महिन्यात लिहिलं होतं, ‘कान देवाने केला आहे, तक्रार तिकडे पाठवावी.’ या चिठ्ठ्यांची ने-आण काउंटरवरची दवंडी करते. वाटेत वाचते, आणि वाचल्याचं लपवतही नाही. दवंडी हे तिला आम्हीच ठेवलेलं नाव. पंचवीस वर्षं ऐकू न येणाऱ्यांशी बोलून तिला हळू बोलताच येत नाही.

राजीनाम्यात कारण ‘घरगुती’ एवढंच आहे. दूरच्या शहरात भाऊ आहे, त्याच्याकडे जाणार म्हणे. एक महिन्याची मुदत. कोणाला काही कल्पना नव्हती. रविवारी मामेभावाने माझ्यासाठी ते विधुर प्राध्यापक सुचवले, सोमवारी दवंडीने ती बातमी अख्ख्या दवाखान्याला ऐकवली, तोवर तर सगळं नेहमीसारखं चाललं होतं. मधल्या तीन दिवसांत त्यांच्या घरी काय झालं असेल कोण जाणे.

बरं झालं, एक कटकट गेली, असं मी दवंडीला म्हणाले. लिहून पाहिल्यावर ते तितकंसं खरं वाटत नाही. सवय झाली असेल, दुसरं काय.

६ सप्टेंबर, शनिवार

प्राध्यापकांना नकार कळवला. माणूस वाईट नव्हता. पण तासाभराच्या भेटीत ते एकदाही माझ्याशी भांडले नाहीत, आणि मला सारखं वाटत राहिलं की यांना आपण नीट ऐकूच येत नाही आहोत. हे काही कारण नव्हे. मामेभावाला मी बाबांच्या तब्येतीचं सांगितलं. म्हणजे खोटंच बोलले. नोंद करून ठेवते.

आज दवंडीकडून कळलं की लॅबमध्ये आणखी दोन दवाखान्यांचे ठसे येतात आणि ते कधीच परत जात नाहीत. परत येतात ते माझेच. कपाटातले जुने ठसे काढून पाहिले. मला तरी दोष दिसला नाही. पण स्वतःच्या कामातला दोष स्वतःला कुठे दिसतो.

१० सप्टेंबर, बुधवार

हे लिहावं की नाही, याचा दोन तास विचार केला.

दुपारी बूथमध्ये होते. बूथ म्हणजे कान तपासायची बंद खोली. भिंतींना स्पंज, एका बाजूला काच, काचेपलीकडे माझं यंत्र आणि माझी खुर्ची. हेडफोनची एक तार ढिली झाली होती, ती बसवून कानाला लावून पाहत होते. तेवढ्यात हेडफोनमधून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. रुग्णाशी बोलायचं बटण दाबलेलं राहिलं होतं. त्या माझ्या खुर्चीवर बसल्या होत्या, काचेकडे पाठ करून. एरवी त्या माझ्या खुर्चीला हात लावत नाहीत. शेजारी दवंडी उभी होती.

डॉक्टरीणबाई म्हणत होत्या की त्या माणसाला आता अडवून उपयोग नाही, अकरा वर्षं तो हिच्यासाठी गप्प बसला, आणखी किती बसेल. दवंडी म्हणाली, ताईंना, म्हणजे मला, तर त्याचं तोंड बघवत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, म्हणून तर तो जातोय. मग दवंडीने, म्हणजे दवंडीला जमेल तितक्या खासगी आवाजात, सांगितलं की त्यांनी तिच्यापाशी रडून कबूल केलंय. मला हेडफोन कानापासून बोटभर लांब धरावा लागला.

काढून ठेवायला हवा होता. काढला नाही. शेवटपर्यंत ऐकलं. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणं मला पटत नाही, आणि आज ते करताना मला किंचितही संकोच वाटला नाही. तो आत्ता वाटतोय.

११ सप्टेंबर, गुरुवार

चार रुग्ण. एका आजोबांच्या उजव्या कानाचा आलेख डाव्याच्या रकान्यात काढला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

१५ सप्टेंबर, सोमवार

लॅबमध्ये गेले. अकरा वर्षांत बहुधा पाचव्यांदा. जायला निमित्त हवं म्हणून एक ठसा हातात घेतला होता. त्यांनी तो उजेडात धरून फिरवला आणि म्हणाले, “चांगला आहे. मग आणलात कशाला?”

मी म्हणाले, “तुम्ही गेल्यावर माझे ठसे परत कोण पाठवणार, ते विचारायला.”

हे विचारायचं मी ठरवून गेले नव्हते. त्यांनी ठसा खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग विचारलं की चहा चालेल का, फक्त कप एकच आहे आणि त्यात ब्रश असतात. मी चालेल म्हणाले. ब्रशांचा वास असलेला चहा प्यायले. काही विशेष बोललो नाही. मेण कुठलं चांगलं, पेस्ट थंडीत का लवकर घट्ट होते, असलंच.

१७ सप्टेंबर, बुधवार

राजीनामा मागे घेतला त्यांनी. डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून मुद्दाम सांगितलं आणि माझ्या चेहऱ्याकडे नको तितका वेळ बघत राहिल्या. दवंडीने काउंटरवरून जाहीर केलं. प्रतीक्षाखोलीतल्या एका ऐंशी वर्षांच्या बाईंना स्वतःचं नाव पुकारलेलं ऐकू गेलं नव्हतं, हे मात्र गेलं.

आनंद झाला, असं लिहिते. मग लगेच हिशेब मांडावासा वाटतो की या आनंदातला माझा किती, आणि हेडफोनमधून आलेला किती.

२८ सप्टेंबर, रविवार

ते घरी आले होते. बाबांचा साचा कानामागे टोचतो, तो घासून द्यायला. बाबांनी विचारलं, हा कोण, मीटर बघायला आलाय का. मी ओरडून सांगितलं. बाबा म्हणाले, मग आधी सांगायचं नाही का, मी मीटरखालच्या वस्तू हलवल्या.

साचा बसवताना मी त्यांचा हात बघत होते. बाबांचा कान धरायला मी जरा घाबरते, हाडं लागतात. त्यांनी तो असा धरला की बाबा मधेच झोपले. जागे झाल्यावर बाबांनी त्यांना सरळ विचारलं की लग्न झालं का. नाही म्हणाले. का नाही? “कोणी ठसाच नीट दिला नाही,” साचेवाले म्हणाले. बाबांना ऐकू गेलं नाही. मला गेलं. राग यायला हवा होता, मी स्वयंपाकघरात जाऊन हसले.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज दुपारी दवाखाना बंद झाल्यावर ते म्हणाले, माझे कान तपासा. दवाखान्यात सगळ्यांची तपासणी दरवर्षी होते, साचेवाले दरवर्षी काही ना काही कारण काढून टाळतात. मला वाटत होतं, आमच्यावर विश्वास नाही म्हणून.

काचेपलीकडे बसले. सूर ऐकू आला की बोट वर करायचं, हे मी त्यांना नेहमीच्या शब्दांत सांगितलं. माझाच आवाज मला परका वाटला. उजवा कान वयाच्या मानाने उत्तम. मग डावा. तीस डेसिबल, चाळीस, पन्नास. त्यांचे डोळे माझ्यावर होते आणि बोट मांडीवर होतं. पंच्याहत्तरला वर आलं, तेही शंका घेत. तेवढ्या पातळीवर शेजारच्या माणसाचं नेहमीचं बोलणं त्या कानावर पडतच नाही.

लहानपणी ताप आला होता, तेव्हापासून असं आहे, म्हणाले. साचा घासायचं चाक सुरू केलं की उजव्यातही काही उरत नाही, फक्त टेबलाची थरथर हाताला लागते. डॉक्टरीणबाईंना सांगू नका. कानाच्या दवाखान्यात अर्धा बहिरा नोकरीला आहे म्हणून हसतील. माझ्याशी बोलताना ते मान तिरकी करतात. इतकी वर्षं मला तो तोरा वाटत होता.

“मग मला का दाखवलंत?” मी विचारलं.

“एकीला तरी माहीत असावं, म्हणून.”

आलेखावर नाव घातलं नाही. माझ्या खणात खाली ठेवलाय.

११ ऑक्टोबर, शनिवार

संध्याकाळी आम्ही चालत नदीच्या पुलापर्यंत गेलो. मी त्यांच्या उजव्या बाजूने चालत होते. पुढच्या महिन्यात भाऊ येणार आहे, त्याला घेऊन तुमच्या बाबांना भेटायचं म्हणतो, असं ते म्हणाले आणि पाण्याकडे बघत राहिले. मी म्हणाले, बाबांना तो मीटरवालाच वाटणार. म्हणजे हो म्हणाले.

मग हिंमत करून विचारलं, माझे ठसे खरंच वाईट असतात का? ते म्हणाले, कधीच नव्हते. मग परत का पाठवायचात? “चिठ्ठी यावी म्हणून.”

त्रेचाळिसाव्या वर्षी माणसाने इतकं खूश होणं बरोबर दिसत नाही. तरी झाले.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दवंडीला पोटात ठेवणं जमलं नाही. आज डबा खाताना तिने स्वतःहून सांगितलं, कौतुकाने, पाठ थोपटून घ्यायच्या अपेक्षेने. जसं सांगितलं तसंच लिहिते.

कल्पना डॉक्टरीणबाईंची. तरुणपणी त्यांनी हौशी मंडळींबरोबर एक जुनं परदेशी विनोदी नाटक केलं होतं. त्यात भांडणाऱ्या दोघांना वेगवेगळं गाठून, मुद्दाम त्यांच्या कानावर पडेल असं बोलतात की दुसरा तुझ्यावर जीव टाकतो, आणि दोघं खरोखरच प्रेमात पडतात. दहा सप्टेंबरला बूथचं बटण चुकून राहिलं नव्हतं. रडून कबूल केल्याचं दवंडीने ऐन वेळी घातलं. बारा तारखेला साचेवाल्यांची पाळी. लॅबमध्ये ते चाकावर साचा घासत बसले होते, दाराकडे डावी बाजू करून. दोघी दारात उभ्या राहिल्या. दवंडीच्या आवाजाने सोंग उघडं पडेल म्हणून तिला ताकीद होती की फक्त मान डोलवायची. डॉक्टरीणबाई एकट्याच हलक्या आवाजात बोलल्या, की ताई त्याच्यासाठी झुरते पण मानी आहे, मरेल पण सांगणार नाही. “आणि ताई, शपथ सांगते, त्यांनी मान वळवून बघितलं तर चेहरा लालबुंद. हातातला साचा खाली.”

मी डबा अर्धाच खाल्ला.

डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी नाकारलं नाही. म्हणाल्या, स्वार्थ होताच, तो गेला असता तर लॅब बंद पडली असती. पण म्हणून तुमचं वाईट झालं का? “गोळी साखरेची होती हे कळलं म्हणून उतरलेला ताप कोणी परत मागतं का गं?”

मी बूथमध्ये परत आले. पण ताप उतरलेला आहे की नाही, हे मी कशाने मोजायचं?

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

असली नाटकं आम्हाला कॉलेजात अभ्यासाला होती. मुलगी पुरुषाचा वेश करते, जुळ्या भावंडांची अदलाबदल होते, झुडपामागे लपलेल्याला हवं ते ऐकवलं जातं. शेवटच्या अंकात सगळं उघडं पडतं आणि कोणीच रागावत नाही. आमचे सर म्हणायचे, खोट्याच्या आडवाटेने ही माणसं स्वतःच्या खऱ्यापाशी पोचतात. मी ते परीक्षेत लिहिलं होतं आणि चांगले गुण मिळवले होते. तुला मी आवडले की माझ्याबद्दल जे सांगितलं ते आवडलं, हे त्यांच्यातलं कोणी विचारत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. विचारायला वेळच नसतो त्यांना. लगेच पडदा पडतो.

साचेवाल्यांना सांगायला हवं. न सांगता लग्न करणं म्हणजे फसवणुकीतली तिसरी मीच.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज ते येणार होते. डोकं दुखतंय असं कळवलं. दुखत नव्हतं.

बाबांनी दारावर तीनदा जाऊन पाहिलं.

२० ऑक्टोबर, सोमवार

सांगितलं. पाच वाजता, लॅबमध्ये. त्यांनी चाक बंद केलं आणि हात पुसत ऐकलं. मी उजव्या बाजूला बसले होते. बूथ, बटण, नाटक, दवंडीचं मान डोलवणं, डॉक्टरीणबाईंचा स्वार्थ, काही गाळलं नाही. शेवटी मी म्हणाले की तुमच्यावर कसलंही बंधन नाही. तुम्ही जे बोललात ते फसवून बोलवून घेतलेलं आहे, मी ते धरून बसणार नाही.

ते म्हणाले, “मला कोणी काही ऐकवलं नाही.”

“ऐकवलं. बारा सप्टेंबरला. दारात उभ्या राहून.”

“त्या दोघी आल्या होत्या खऱ्या. एक ओठ हलवत होती, एक मान. मला वाटलं, साचा उशिरा झाला म्हणून नावं ठेवताहेत. मान वळवली तर दोघी माझ्याकडे अशा टक लावून बघत होत्या की हातातलं पडलं. ऐकलं मात्र मी काही नाही, बाई.”

मी म्हणाले, तुम्ही माझी समजूत काढू नका.

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग विचारलं की मी बूथमध्ये नेमकं काय ऐकलं. मी शब्दाला शब्द सांगितलं. रडण्याचं ऐकून त्यांनी मान हलवली. “रडलो नाही मी कोणापुढे.”

“माहीत आहे. तेच तर सांगतेय, सगळं रचलेलं होतं.”

“रडलो नाही एवढंच म्हणतोय.”

विषय वाढू नये म्हणून मी पुढे काही विचारलं नाही. त्यांनीच विचारलं. टेबलावरची भुकटी बोटाने एका बाजूला सारत होते.

“ते कानावर पडलं नसतं, तर तुम्ही त्या दिवशी इथे आला असता?”

मी विचार केला. त्या प्रश्नाला खरं उत्तर देणं मला भाग होतं. “खरं सांगू?”

“तुम्हाला दुसरं येतं कुठे.”

“नसते आले,” मी म्हणाले.

त्यांनी दोन-तीनदा मान डोलावली, रुग्णाला साचा बसत नाही हे कळल्यावर डोलावतात तशी. मग चाक सुरू केलं. मी काही तरी म्हणाले, काय ते आठवत नाही. त्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नसणार.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी पहिलं काम म्हणजे खणातला आलेख काढला. डावा कान पंच्याहत्तर. चाक चालू. दार डाव्या बाजूला, सात पावलं. डॉक्टरीणबाईंचा हलका आवाज पन्नाससुद्धा नसेल. कागदावर मांडून पाहिलं. कसंही मांडलं तरी उत्तर एकच येतं की त्यांना एक शब्द ऐकू जाणं शक्य नव्हतं.

म्हणजे त्यांना कोणी फसवलंच नव्हतं. म्हणजे ते थांबले ते मी ब्रशांचा चहा प्यायले म्हणून.

असं मी लिहिलं आणि तिथेच थांबले. आमच्या कामात एक गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवतात. तपासताना मधेच काही सेकंद सूर बंद ठेवायचा. काहीजण तेव्हाही बोट वर करतात. ते लबाड नसतात. त्यांना खरोखर ऐकू आलेलं असतं, कारण त्यांना ऐकू यायला हवं असतं. अशा माणसाने दिलेली उत्तरं धरायची नसतात. माझं आज तेच झालंय. हे उत्तर मला इतकं हवं आहे की ते मी काढलेलं असणं हाच त्याच्यातला दोष आहे. कदाचित त्यांनी ओठांवरून ओळखलं असेल. अख्खं आयुष्य एका कानावर काढलेला माणूस ओठ वाचतो. कदाचित दवंडीने नंतर सांगितलं असेल, तिचा काय नेम. आणि कदाचित ते फक्त भले आहेत आणि माझी लाज राखत होते.

चिठ्ठीबद्दल पुलावर बोलले तेही बारा तारखेनंतरचंच. त्या तारखेनंतरचं त्यांचं कुठलंच वाक्य मला मोजता येत नाही. आणि दहा तारखेनंतरचं माझंही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

पुन्हा राजीनामा. या वेळी कारणाची जागा कोरी आणि मुदत आठवडाभराचीच. भावाला येऊ नको म्हणून कळवलं, असं दवंडीकडून समजलं. दवंडी आज हळू बोलत होती. मला तिचं बोलणं दोनदा परत विचारावं लागलं.

डॉक्टरीणबाई माझ्यावर चिडल्या आहेत. “सगळं जुळलेलं होतं. तुला कोणी सांगितलं होतं खरेपणा करायला?” मग जरा थांबून, “जाऊन म्हण ना त्याला, राहा म्हणून. एवढंच म्हणायचंय.”

एवढंच आहे हे मलाही दिसतं. पण ते मी माझ्या मनाने म्हणेन की डॉक्टरीणबाईंनी म्हणायला लावलं म्हणून, हे आता मला कळणार नाही. साचेवाल्यांना तर मुळीच कळणार नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

बाबांनी विचारलं, तो मुलगा का येत नाही. बावन्न वर्षांच्या माणसाला मुलगा म्हणतात. मी सांगितलं, गाव सोडून चाललेत. बाबांना ‘चाललेत’ ऐकू गेलं नाही की त्यांनी जाऊ दिलं नाही, सांगता येत नाही. म्हणाले, “बरं, मग पुढच्या रविवारी.”

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

ते गेले.

सकाळी लॅबच्या किल्ल्या दिल्या, अपुरे साचे सगळे पुरे केलेले होते, चाक पुसून झाकलेलं होतं. दवंडी मोठ्याने रडली आणि प्रतीक्षाखोलीतल्या लोकांना वाटलं, कोणी वारलं. डॉक्टरीणबाईंनी हात हातात घेतला. माझ्याशी बोलायची वेळ आली तेव्हा मी रुग्णाच्या कानात पेस्ट भरत होते. पेस्ट घट्ट होईपर्यंत हात सोडता येत नाही. त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत. दारातून म्हणाले, “चालू द्या,” आणि गेले.

चार मिनिटांनी ठसा निघाला. मी बाहेर पायऱ्यांवर आले. ते अजून रस्त्यापलीकडे गाडीची वाट बघत उभे होते, पायाशी एक पेटी. मधे वीस-बावीस पावलांचं अंतर, रहदारी बेताची, वारा नाही. माझ्याकडे त्यांची उजवी बाजू होती. हाक मारली असती तर स्वच्छ ऐकू गेली असती. वीस वर्षं हेच काम केलंय, यात माझी चूक होणार नाही.

काय हाक मारायची, हे ठरवत राहिले. साचेवाले म्हणायचं, की नावाने. आणि वळून बघितलं तर पुढे काय. राहा म्हटलं तर ती दयाही वाटेल, कोणी शिकवून पाठवलेलंही वाटेल. माफ करा म्हटलं तर ते नक्कीच माफ करतील, आणि ते खरं आहे का हे मी पुन्हा मोजत बसेन. तेवढ्यात गाडी आली. ड्रायव्हरने डाव्या बाजूने काहीतरी विचारलं, त्यांना कळलं नाही, त्यांनी मान तिरकी केली. मग पेटी उचलली.

आत येऊन ठसा तपासला. चांगला होता. तो आता दुसऱ्या गावच्या लॅबला टपालाने जाईल. तिथले लोक काही लिहीत नाहीत, सरळ साचा करून पाठवतात.

उद्या: मागच्या खोलीची लांबी-रुंदी मोजून डॉक्टरीणबाईंना देणे, तिथे फायलींची कपाटं यायची आहेत.